सकल संतांची पूर्वसंध्या आणि आमचा बालवर्ग

"फादर, यंदा आपल्या बालवर्गात हॅलोविनचा दिवस करावा म्हणते," असे म्हणून आमच्या धर्मग्रामातील बालवर्गाच्या शिक्षिकाबाईंनी एक कागद आमच्यापुढे ठेवला, तेव्हा आम्ही सकाळची मिस्सा आटोपून नुकतेच व्हरांड्यात येऊन बसलो होतो. कागदावर सारे काही नीट मांडलेले होते. काळ्या कागदाची वटवाघळे, पुठ्ठ्याचे सांगाडे, कापूस पिंजून केलेली कोळ्याची जाळी, मुलांनी घालावयाचे मुखवटे आणि बाजारातून आणावयाचे पाच लाल भोपळे. शहरातील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मागील वर्षी असा दिवस झाला होता. तेथील छायाचित्रे पालकांना फार आवडली होती. आपली मुले मागे राहू नयेत, एवढीच बाईंची इच्छा होती.

ही वार्ता सायंकाळपर्यंत आवारात पसरली. रोजरीच्या प्रार्थनेनंतर एक वयोवृद्ध धर्मबंधू आमच्याकडे आले आणि काहीशा रागानेच म्हणाले, "फादर, देवळाच्या आवारात सैतानाचा सण होऊ द्यायचा नाही. नाही तर आम्ही आमची नातवंडे घरी ठेवू."

आम्ही दोघांकडूनही आठ दिवसांची मुदत मागून घेतली. खरे सांगायचे तर उत्तर आमच्यापाशी तयार नव्हते. 'आजकाल सगळीकडे होते' म्हणून होकार देणे जितके सोपे, तितकेच 'हे परक्यांचे आहे' म्हणून नकार देणेही सोपे. या आठ दिवसांत जुनी पुस्तके चाळताना जो इतिहास हाती लागला, तो वाचकांपुढे ठेवावा म्हणून हा लेखनप्रपंच.

नाव आमचे, रूप परके

हॅलोविन या शब्दाचा अर्थ पाहू जाता पहिला धक्का बसतो तो असा की, हा शब्द भुताखेतांचा नसून संतांचा आहे. जुन्या इंग्रजीत 'हॅलो' म्हणजे पवित्र जन, संत. आणि 'ईन' म्हणजे संध्याकाळ. १ नोव्हेंबर रोजी आपण सकल संतांचा सण साजरा करतो. त्याच्या आदल्या संध्याकाळचे, म्हणजे ३१ ऑक्टोबरच्या जागराचे, हे नाव होय.

सणाचा उगम रोम नगरीत आहे. छळाच्या काळात रक्तसाक्षींची संख्या एवढी वाढली की, प्रत्येकासाठी स्वतंत्र दिवस पुरेना. इसवी सन ६०९ च्या सुमारास पोप बोनिफेस चौथे यांनी रोममधील पँथिऑन हे प्राचीन मंदिर पवित्र मरिया व सर्व रक्तसाक्षी यांना अर्पण केले, तो दिवस १३ मे हा होता. पुढे आठव्या शतकात पोप ग्रेगरी तिसरे (७३१ ते ७४१) यांनी संत पेत्राच्या मंदिरात सर्व संतांच्या नावे एक प्रार्थनालय उभारले. इसवी सन ८३५ मध्ये पोप ग्रेगरी चौथे यांच्या काळी फ्रँक साम्राज्यात १ नोव्हेंबर हा दिवस सर्वत्र पाळावा असे ठरले.

याच दिवसाला लागून २ नोव्हेंबर येतो. फ्रान्समधील क्लूनी येथील मठाधिपती संत ओदिलो यांनी ९९८ च्या सुमारास आपल्या मठांतून नियम घालून दिला की, सकल संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी सर्व मृत भाविकांसाठी प्रार्थना करावी. तो नियम मठांतून गावोगाव गेला आणि सर्व ख्रिस्तसभेचा झाला. जे स्वर्गात पोहोचले त्यांचा आनंद एके दिवशी आणि जे वाटेवर आहेत त्यांची आठवण दुसऱ्या दिवशी, अशी ही जोडी आहे.

आयर्लंडमध्ये याच सुमारास हिवाळ्याच्या प्रारंभीचा 'साविन' नावाचा एक प्राचीन सण होता, हे खरे. हॅलोविनची सारी भुते तेथूनच आली असे पुष्कळ ठिकाणी ठामपणे लिहिलेले आढळते. परंतु त्या सणात नेमके काय चालत असे, याचे लेखी पुरावे फार थोडे, आणि तेही बहुतेक ख्रिस्ती काळात लिहिले गेलेले आहेत. म्हणून 'हा सण मुळात सैतानाचा' हे विधान जसे टिकत नाही, तसेच 'यात जुन्या लोकरीतीचा अंशही नाही' हेही टिकत नाही. शेतकऱ्यांचे पंचांग आणि देवळाचे पंचांग एकमेकांत मिसळतात, हे वऱ्हाडात राहणाऱ्यास वेगळे सांगणे न लगे.

दारोदार फिरणारी मुले

दारोदार फिरून खाऊ मागण्याची चाल कोठून आली? मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सकल संत व मृतांच्या दिवसांत गोरगरीब व लहान मुले घरोघर जात. घरची मंडळी त्यांना मसाला घातलेल्या लहान गोड पोळ्या देत. त्यांचे नावच मुळी 'आत्म्याच्या पोळ्या' असे होते. पोळी घेणाऱ्याने त्या घरातील मृतांसाठी प्रार्थना करावयाची, असा हा व्यवहार होता. म्हणजे मागणाराही काही देत होता आणि देणाऱ्यालाही काही मिळत होते.

धर्मसुधारणेनंतर इंग्लंडमध्ये मृतांसाठी प्रार्थना करण्यास मनाई झाली. प्रार्थना गेली, पण पोळी मागण्याची चाल चेशरसारख्या काही भागांत विसाव्या शतकापर्यंत टिकून राहिली. आशय सांडला आणि भांडे उरले, असे म्हणावे लागेल. आयर्लंड व स्कॉटलंडमध्ये मुले सलगमाचे कंद कोरून त्यांत दिवे लावीत. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचे पीक कुजून भयानक दुष्काळ पडला आणि लाखो आयरिश कॅथलिक कुटुंबे अमेरिकेस गेली. तेथे कोरण्यास सलगमापेक्षा सोपा आणि मुबलक असा लाल भोपळा मिळाला. 'खाऊ द्या, नाही तर खोडी काढू' हा पुकारा तर १९२० च्या दशकात कॅनडा-अमेरिकेत रूढ झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर साखरेवरील नियंत्रण उठले, मिठाईचे कारखानदार पुढे सरसावले आणि आज आपण पाहतो ते रूप तयार झाले.

तेथेही सारेच या बाजारात वाहून गेले असे नाही. १९५० साली फिलाडेल्फिया येथील एका पाळकाने व त्यांच्या पत्नीने मुलांना सुचविले की, या रात्री मिठाईऐवजी युद्धात होरपळलेल्या मुलांसाठी नाणी गोळा करा. त्यातून युनिसेफसाठी निधी जमविण्याची प्रथा अमेरिकाभर पसरली. सांडलेला आशय पुन्हा भरता येतो, याचे हे उदाहरण आहे.

आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष वाटली. सकल संतांच्या सणाचा जागरदिन रोमन पंचांगातून वगळण्याचा निर्णय पोप पायस बारावे यांच्या काळी १९५५ साली झाला. त्याच वर्षी नागपूरपासून वेगळा होऊन अमरावती धर्मप्रांत अस्तित्वात आला आणि जोसेफ रोझारिओ हे त्याचे पहिले महागुरू झाले. म्हणजे आमच्या धर्मप्रांताला हा जागर फार काळ लाभलाच नाही. आम्ही सोडलेले घर बाजाराने ताब्यात घेतले, आणि तेच घर आज दूरचित्रवाणी व मोबाइलच्या वाटेने आमच्या मुलांना दाखविले जात आहे.

बालवर्ग म्हणजे काय

येथवर सणाचा इतिहास झाला. परंतु प्रश्न केवळ सणाचा नव्हता, चार-पाच वर्षांच्या बालकांचा होता. म्हणून बालवर्गाचाही इतिहास पाहणे आले.

जर्मनीत फ्रोबेल यांनी १८३७ साली लहान मुलांसाठी खेळशाळा काढली आणि १८४० मध्ये तिला 'मुलांची बाग' अर्थात किंडरगार्टन हे नाव दिले. ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत डॉ. मारिया माँटेसरी यांनी पहिले बालगृह उघडले. या बाई कॅथलिक होत्या. लहान मुलाला आधी खऱ्या वस्तू, खरी माती, खरे पाणी हाताळू द्यावे. अद्भुताच्या गोष्टी त्याला खरे-खोटे कळू लागल्यावर सांगाव्यात, असे त्यांचे मत होते. बार्सिलोना येथे त्यांच्या पद्धतीच्या शाळेतील मुलांनी गहू पेरला, द्राक्षवेली लावल्या आणि मिस्सेसाठी लागणारी भाकर व द्राक्षरस कोठून येतो हे आपल्या हातांनी अनुभवले. १९३९ साली डॉ. माँटेसरी मद्रासला आल्या आणि महायुद्धामुळे १९४६ पर्यंत भारतातच राहिल्या.

परंतु त्यापूर्वीच बालशिक्षणाची ज्योत आपल्याकडे पेटली होती, आणि तिचा एक धागा अमरावतीशी जोडलेला आहे. मुंबईच्या प्रार्थना समाजी केळकर कुटुंबातील ताराबाई १९१४ साली पदवीधर झाल्या. अमरावतीचे वकील मोडक यांच्याशी विवाह होऊन त्या वऱ्हाडात आल्या. संसार टिकला नाही. १९२१ मध्ये ताराबाई विभक्त झाल्या आणि लहानग्या मुलीला घेऊन राजकोटला अध्यापनासाठी गेल्या. पुढे भावनगर येथे गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांना आपले जीवितकार्य सापडले. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे खेड्यातील मुलांसाठी काम सुरू केले, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या आदिवासी टेकडीवर नेले. तेथे अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. 'बालवाडी' हा शब्द आज आपल्या तोंडी आहे, तो ताराबाईंमुळे. मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच त्यांच्या अंगणात न्यावी, हा अंगणवाडीचा विचारही त्यांचाच.

हे अंगण फिरून वऱ्हाडातच आले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू केली. त्या ३३ मध्ये मेळघाटातील धारणी होते. ज्या अमरावतीतून एक आई आपले मूल घेऊन निघाली, त्याच अमरावती जिल्ह्याच्या डोंगरात अर्धशतकानंतर अंगणवाडी उघडली. इतिहास असे वर्तुळ क्वचितच पुरे करतो.

गिजुभाई व ताराबाई यांचा एक आग्रह होता की, मुलाला मारू नये, आमिष दाखवू नये आणि भय दाखवू नये. 'बागुलबुवा येईल' असे सांगून जेवू घातलेला घास पोटात जातो, पण अंगी लागत नाही, हे आमच्याही घरोघरच्या माता जाणतात. जाणतात आणि तरीही सांगतात.

भयाचा प्रश्न

मुखवट्याने मूल खरोखर घाबरते काय? १९६९ साली रेटा डीव्हरीस या अमेरिकन विदुषीने एक प्रयोग प्रसिद्ध केला. तिने एका शांत मांजराला मुलांसमोर कुत्र्याचा मुखवटा चढविला. सहा वर्षांची मुले हसली. हे मांजरच आहे, असे त्यांनी सांगितले. तीन वर्षांच्या पुष्कळ मुलांना मात्र ते मांजर खरोखरच कुत्रा झाले असे वाटले. म्हणजे ज्या वयाची मुले आमच्या बालवर्गात बसतात, त्या वयात मुखवट्यामागचा ओळखीचा माणूस नाहीसा होतो आणि उरते ते भूत.

मृत्यूविषयीही असेच आहे. बुडापेस्टच्या मारिया नाज यांनी १९४८ साली तीन ते दहा वर्षांच्या ३७८ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच वर्षांखालील मुलांना मरण म्हणजे झोप किंवा प्रवास वाटतो. गेलेला माणूस परत येईल, असे ती धरून चालतात. हा निष्कर्ष पुढे आम्हांला किती उपयोगी पडणार होता, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

येथे आम्हांस आपलाही एक दोष कबूल केला पाहिजे. नवे धर्मगुरू असताना आम्ही धर्मशिक्षणाच्या वर्गात नोव्हेंबर महिन्यात लहान मुलांना शुद्धिस्थानाविषयी सांगत होतो. उत्साहाच्या भरात अग्नीचे वर्णन जरा जास्तच रंगले. दोन दिवसांनी एक आई आली आणि म्हणाली, "फादर, पोरगी राती उठून बसते. म्हनते, आजी जयत आहे." त्या मुलीची आजी त्याच वर्षी वारली होती. आम्ही घरी जाऊन मुलीची समजूत घातली. पण एकदा मनात शिरलेला अग्नी शब्दांनी विझत नाही. पुठ्ठ्याच्या सांगाड्यावर टीका करण्याचा अधिकार आम्हांस फारसा नाही, तो यामुळे.

आणि वऱ्हाडात सांगाडा ही गंमत कधीच नव्हती. 'वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड' असे म्हणत. काळी माती आणि कापूस यांच्या जोरावर हा मुलूख संपन्न होता. पण १८९६-९७ आणि त्यापेक्षाही १८९९-१९०० च्या दुष्काळात याच मुलखाच्या रस्त्यांवरून हाडांचे सापळे चालले. निरनिराळ्या मिशनांनी त्या वेळी अनाथ मुलांसाठी आश्रम काढले. आमच्या काही जुन्या ख्रिस्ती घराण्यांचा कुलवृत्तांत अशाच एखाद्या आश्रमाच्या नोंदवहीतून सुरू होतो. अलीकडचे दुःख तर डोळ्यांपुढचे आहे. शेतकऱ्यांच्या आत्महत्या एवढ्या वाढल्या की, १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहनसिंग यांना अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा, वाशीम आणि वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर करावी लागली. तरी ते दुःख संपले नाही.

आमच्या बालवर्गात २६ मुले होती. त्यांतील एका बालकाचे वडील त्याच पावसाळ्यात गेले होते. कसे गेले हे येथे लिहिण्याचे कारण नाही; वऱ्हाडातील वाचक समजून घेतील. आम्ही बाईंना एवढेच विचारले, "त्या मुलाच्या बाकासमोर सांगाडा टांगणार का?" बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी आपल्या हातानेच कागदावरील ती ओळ खोडली. नंतर म्हणाल्या, "पण फादर, सगळंच नको म्हणू नका. मुलांना एक दिवस वेगळा हवा असतो." हेही खरेच होते.

वऱ्हाडाची आपली शिदोरी

वेगळा दिवस कसा असावा, हे शोधण्यास फार दूर जावे लागले नाही. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडातील मुली भुलाबाई मांडतात. संध्याकाळी घरोघर जाऊन गाणी म्हणतात, टिपऱ्या खेळतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातील खिरापत ओळखतात. ओळखली तर जयजयकार, नाही ओळखली तरी वाटणी सारखीच. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लहान मुले लाकडी नंदीबैल सजवून दारोदार जातात आणि घरचे वडीलधारे त्यांना बोजारा देतात. दारोदार जाऊन आनंद गोळा करणे हे आमच्या मुलांना कोणा अमेरिकेने शिकविलेले नाही.

गेलेल्यांची आठवणही येथे परकी नाही. अक्षय तृतीयेस आमचे हिंदू शेजारी पाण्याने भरलेली मातीची घागर पूर्वजांसाठी ठेवतात. पितृपक्षात त्यांच्या नावाने पान वाढतात. आम्ही कॅथलिक २ नोव्हेंबरला दफनभूमीतील तण काढतो, कबरींवर झेंडूची फुले व मेणबत्त्या ठेवतो. श्रद्धा वेगळ्या आहेत, हे लपविण्याचे कारण नाही; पण आपल्या माणसांना विसरू नये, ही ओढ एकच आहे.

आणि भोपळा! तोही मूळचा अमेरिका खंडातीलच. युरोपीय दर्यावर्दींनंतर जगभर पसरला. पण आमच्याकडे येऊन तो असा रुळला की, वऱ्हाडात त्याला कोहळे म्हणतात आणि गूळ-कणीक घालून त्याची बोंडे तळतात. मराठी लोककथेतल्या भोपळ्याला डोळे-दात कोरलेले नाहीत. लेकीकडे राहून धष्टपुष्ट झालेली म्हातारी त्यात बसून वाघाच्या तोंडून सुटते. त्यांचा भोपळा भेडसावतो, आमचा तारून नेतो. एवढा फरक बालवर्गास पुरेसा आहे.

तो दिवस

मग आम्ही, बाई आणि दोन माता अशा चौघांनी बसून नवा कागद तयार केला. अन्य धर्मग्रामांतील बालवर्गांस उपयोग व्हावा म्हणून तो क्रम थोडक्यात देतो.

सकाळी नऊ वाजता प्रत्येक मुलाने आपल्या नावाचा अर्थ किंवा आपल्या नावाच्या संताची एखादी गोष्ट सांगितली. वर्गात हिंदू, बौद्ध व मुसलमान मुलेही होती. त्यांनी घरातील एखाद्या चांगल्या माणसाविषयी सांगितले. एका चिमुरडीने आपली आजी रोज कुत्र्याला भाकर घालते असे सांगितले. आमच्या मते संतचरित्राची ती उत्तम सुरुवात होती.

त्यानंतर एक कोहळे मुलांसमोर चिरले. मुलांनी आत हात घालून बिया काढल्या, मोजल्या, धुऊन वाळत घातल्या. बाईंनी म्हातारीची गोष्ट सांगितली. दोघी मातांनी तोवर बोंडे तळली. मुखवटे ठेवले, पण चेहरा झाकणारे नव्हे. मुलांनी स्वतः कागदावर वाघ, अस्वल, म्हातारी रंगवून काडीला चिकटविली. जे आपण आपल्या हाताने केले त्याचे भय वाटत नाही, हा त्यामागील विचार.

मग बोंडांचे डबे घेऊन आम्ही गल्लीतील चार वृद्धांच्या घरी गेलो. मुलांनी गाणे म्हटले आणि घरच्यांनी डब्यात काय आहे ते ओळखायचे, असा खिरापतीचा खेळ उलट फिरविला. मुले मागायला नव्हे, द्यायला गेली. पहिले घर सैतानाच्या सणाविषयी तक्रार करणाऱ्या त्या धर्मबंधूंचेच होते. त्यांनी सलग तीन वेळा चुकीचे ओळखले. मुद्दाम चुकले की खरेच, हे आम्ही विचारले नाही. "मी अजूनही म्हणतो फादर, नाव बदला," असे मात्र त्यांनी निरोप देताना बजावले. नाव आम्ही 'संतांची संध्याकाळ' असे ठेवले होते. सकाळी साडेनऊ वाजता संध्याकाळ कशी, हा मुलांचा प्रश्न अनुत्तरितच राहिला.

सारेच सुरळीत झाले असे नाही. एका मुलाचा मोठा भाऊ बाजारातील रबरी मुखवटा घालून खिडकीत आला आणि तीन मुले रडू लागली. त्यांतील एक आईच्या कडेवरच घरी गेले. डीव्हरीसबाईंचे म्हणणे आम्हांस पुन्हा पटले.

शेवटी गहू. ऑक्टोबरअखेर, नोव्हेंबर म्हणजे आमच्याकडे गव्हाच्या पेरणीचे दिवस. प्रत्येक मुलाला मातीचे एक लहान बोळके, ओली काळी माती आणि मूठभर गहू दिला. ज्याची आठवण येते त्याच्या नावाने पेरावे, असे सांगितले. नाव सांगण्याची सक्ती नव्हती. योहानाच्या शुभवर्तमानात प्रभू येशू गव्हाच्या दाण्याविषयी जे बोलतात, ते आम्ही मुलांना सांगितले नाही. ते त्यांच्या हातांना कळत असावे. ज्या बालकाचा उल्लेख वर आला, त्याने दाणे एकेक करून मातीत दाबले आणि बाईंना एवढेच म्हटले, "हे बाबाचं."

२ नोव्हेंबरला त्याच्या आईने ते बोळके दफनभूमीत आणले. अंकुर अजून दिसत नव्हते. ओली माती तेवढी होती. मेणबत्तीशेजारी ते ठेवून दोघे मिस्सा संपेपर्यंत उभी राहिली. पाचव्या दिवशी हिरवी टोके वर आली. मुलगा बोळके घेऊन वर्गात धावत आला आणि त्याने विचारले, "बाई, बाबा बी असेच उगवतीन का?"

बाई तो प्रश्न घेऊन आमच्याकडे आल्या. पुनरुत्थानावर आमचा विश्वास आहे. दर रविवारी आम्ही तो मोठ्याने उच्चारतो. 'हो' म्हणणे आमच्या जिभेवर होते. पण नाजबाईंचे ते ३७८ विद्यार्थी आठवले. 'हो' म्हटले असते तर ते मूल रोज सकाळी दाराशी उभे राहिले असते. खरे बोलल्यावाचून सांत्वन होत नाही, हे आम्ही त्या आजीच्या प्रसंगी शिकलो होतो. आम्ही त्याला जवळ बसवून म्हटले, "बाळा, बाबा असे परत यायचे नाहीत. ते देवाजवळ आहेत. देव त्यांना सांभाळतो आणि एके दिवशी आपल्याला त्यांच्याकडे नेईल, पण त्याला फार फार वेळ आहे. तोवर तू मोठं व्हायचं." त्याने विचारले, "आन गहू?" आम्ही म्हटले, "गव्हाला रोज पाणी घालायचं." तो "हो" म्हणाला आणि पाणी आणायला गेला.

एवढ्याने त्या मुलाचे दुःख गेले असे आम्ही म्हणणार नाही. त्याची आई अजूनही रोजाने कापूस वेचायला जाते आणि धर्मग्रामातील मंडळी तिला जमेल तशी मदत करतात; ती पुरेशी नाही. परंतु इतिहास चाळताना जे हाती आले ते असे: ज्या सणाने मध्ययुगात गरिबाच्या मुलाला पोळी आणि मृताला प्रार्थना दिली, तो सण भीतीचा नव्हे, नात्याचा होता. ते नाते विसरून नुसते मुखवटे घेणे जितके चूक, तितकेच मुखवटे पाहून ते नाते टाकून देणेही चूक.

यंदा ऑक्टोबर अखेरीस आपल्या बालवर्गात, नाही तर आपल्या घरी, एक बोळके माती आणि मूठभर गहू ठेवावा. कोणाच्या नावाने पेरावे, हे लेकरांनाच विचारावे. आणि त्यांनी काही विचारले, तर खरे तेच सांगावे.